खोक्यांमागचं दार

सरुबाई सुतळी गुंडाळते. तेरखेड्याच्या माळावर फटाक्यांच्या शेड आहेत. त्यांतल्या एकीत मागच्या भिंतीशी, मागच्या दारापासून हातभर अंतरावर तिची जागा. दारू भरलेली कागदी डबी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं तिच्यावर सुतळीचे वेढे द्यायचे. ताण सगळीकडं सारखा लागतो. वेढा सैल पडला तर फटाका फुसका निघतो. जास्त आवळला तर डबीचा कोपरा फाटतो आणि दारू मांडीवर सांडते. सरुबाईच्या मांडीवर दारू सांडलेली कुणी पाहिलेली नाही.

शेडला दोन दारं, एक पुढं, एक मागं. काम चालू असताना दोन्ही सताड उघडी हवीत, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय. बायकांना मात्र ते पाटीनं शिकवलेलं नाही. इथं नवी बाई कामाला आली की जुनी बाई तिला एकच गोष्ट सांगते: आधी दार बघायचं, मग बूड टेकायचं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढली आणि गोदाम भरलं. नवा सुपरवायझर मल्हार तयार मालाची खोकी मागच्या दारात रचायला लागला. उद्या गाडी येईल, म्हणाला. गाडी आली, खोकी गेली, संध्याकाळपर्यंत तेवढीच नवी आली. उंबऱ्यापासून कपाळाच्या उंचीपर्यंत भिंतच झाली. आतला वारा थांबला. मजुरी नगावर, आणि जास्त बोलणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम नसतं. घरी नवरा आबाराव दम्यानं खाटेवर. सरुबाईनं फक्त बसायची बाजू बदलली, पुढचं दार नजरेत राहावं म्हणून. पण पुढच्या दारापर्यंत जायचं तर सोबत सुतळी गुंडाळणाऱ्या कमलबाई आणि मोनिका यांच्यामधून, दोघींच्या पुढ्यातल्या भरलेल्या डब्यांवरून जावं लागणार. हे तिनं मनात चालून पाहिलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती.

तिची मुलगी श्रावस्ती उमरग्याला एका दवाखान्यात नर्स आहे, खोली करून राहते. मायलेकींचा रविवारचा एक नेम आहे. समुद्री चाच्यांचं एक जपानी कार्टून दोघी आपापल्या मोबाइलवर बघतात आणि मग फोनवर बोलतात. श्रावस्ती शाळेत असताना ते बघायला लागली. ती नोकरीला लागली तरी ते संपलेलं नाही. आबाराव म्हणतो, जहाज मुक्कामाला पोचायचं नावच घेत नाही, पोचलं तर त्या लोकांनी करायचं काय. सरुबाईला जपानी कळत नाही आणि खालची इंग्रजी अक्षरंही कळत नाहीत. ती चित्रं बघते. कोण काय बोललं ते लेक मागाहून सांगते.

त्या रविवारी मोठी लढाई होती. कितीतरी भागांपासून तिची वाट बघणं चाललं होतं. खेकड्यासारख्या नांग्यांचा सेनापती जहाजाच्या तळघरात उतरला होता आणि लाल फडक्याची कप्तानीण साखळी फिरवत त्याला भिडली होती. फळ्या फुटत होत्या. पाणी आत येत होतं. आबारावही खाटेवर उठून बसला. सरुबाईनं मात्र मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि ती चित्राच्या एका कोपऱ्यातच बघत राहिली. लढाई संपली तेव्हा तिचा पदर घामानं ओला झाला होता.

श्रावस्तीचा फोन लगेच आला. कप्तानिणीनं नांगी मोडली तवा मी खुर्चीवरनं उठलेच, असं ती सांगत सुटली. सरुबाईनं तिला मध्येच थांबवलं.

"शिडीखाली पिपं कुणी लावली ती?"

"कोणती पिपं?"

"माणसं वर चढाया गेली, तर शिडीपुढं पिपं. लुटीचा मालच हाय त्यांचा. त्यांनीच रचला आसंल."

"आई, एवढी लढाई झाली अन् तू पिपं बघतीस?"

"पाणी कमरंला आलं. एकानं पिप हलवलं न्हाय. समदी तोंड वासून लढाईच बघतेत."

मग श्रावस्तीनं विचारलं, "तुमच्या शेडमधी काय झालंय?"

सरुबाईनं सांगितलं. लेक रागावली. काम सोड, बाबांना घेऊन इकडं ये म्हणाली. सरुबाई एकच बोलली, "मी तिकडं आले म्हणून ते दार मोकळं होतंय व्हय?"

सोमवारी तिनं मल्हारला खोकी काढायला सांगितली. तो म्हणाला, उद्या गाडी येतेय. सरुबाई जागेवर बसली, पण सुतळीला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. मोनिकाचे वेढे चालू होते. कमलबाई एकदा तिच्याकडं आणि एकदा दाराकडं बघत होती. शेवटी वैतागून मल्हारनं एक रांग सरकवली आणि मधे फट केली. निघेल की माणूस, म्हणाला.

"कमलअक्का, निघून दाव बरं," सरुबाई म्हणाली.

कमलबाई अंगानं दांडगी, त्यात गुडघे धरलेले. ती आडवी होऊन फटीत शिरली आणि कमरेपाशी अडकली. पुढं जाईना, मागं येईना. मोनिका हसायला लागली. कमलबाईही आतूनच हसत म्हणाली, "ओढा गं मला, का हितंच दिवाळी करता माझी?"

दोघींनी धरून तिला मागं खेचलं. खोक्याच्या पट्टीत अडकून तिच्या पोलक्याची बाही फाटली. ती खाली बसली, फाटकी बाही हातानं धरून. मग कुणीच हसलं नाही. मोनिकानं हातातली डबी हळूच खाली ठेवली. तीन बायकांचे सहाही हात रिकामे दिसले तेव्हा मल्हारनं हमाल बोलावून दार मोकळं करवलं.

मंगळवारी त्यानं सरुबाईला वाळवणावर पाठवलं. तुम्हाला हवा लागती ना मावशी, घ्या हवा, म्हणाला. रंगवलेला माल पाट्यांत पसरायचा आणि उन्हात उलथायचा. मजुरी कमी. तिच्या जागेवर नवी बाई बसली होती. तिला कुणी दाराचं सांगितलं की नाही, हे सरुबाईला विचारता आलं नाही. सुपरवायझरची नजर होती.

वाळवणावरून मागचं दार दिसत होतं. भाकरीच्या सुट्टीपर्यंत ते मोकळं होतं, आत कमलबाईचं डोकं हलताना दिसायचं. सुट्टीनंतर खोकी यायला लागली. एक रांग, दुसरी, तिसरी. कमलबाईचं डोकं दिसेनासं झालं. सरुबाईनं हातातल्या पाटीतला माल पुरता उलथला. अर्धवट ठेवला असता तर तो एका अंगानं ओला राहिला असता. मग ती दाराकडं गेली.

आतून ती भिंत हलवायला जागा नव्हती. बाहेर माळ मोकळा होता. तिनं वरचं खोकं ओढलं, छातीशी धरलं आणि लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं. मग दुसरं. फटीतून मोनिकाचा चेहरा दिसला. तिसरं खोकं आतून पुढं सरकलं.

मल्हार फाटकाकडून चालत आला. ओरडला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, उद्यापासनं येऊ नका."

सरुबाईनं ऐकलं. उद्या हे दार दुसऱ्या कुणाला बघावं लागणार होतं. खाली अजून दोन रांगा होत्या. तिनं पाय रोवले, गुडघे वाकवले आणि पुढचं खोकं उचललं.