पर्यटकांनी लावलेली आग

शालिकराम रामटेके या माणसाचा आगीवर भारी राग. घरची चूल पेटली तरी तो एकदा डोकावून जाणार. नवेगाव बांधच्या तळ्यापासून थोडं आत, आमच्या गावाला लागून असलेल्या जंगलात गावाच्या समितीने तंबूंचा एक तळ सुरू केला होता, आणि तिथून टेकडीवर एक पायवाट जात होती. दोन्हींचा कारभार शालिकरामकडे. नागपूरची, गोंदियाची पोरं शनिवारी यायची, टेकडी चढायची, तंबूत झोपायची आणि रविवारी दमून घरी जायची. पैसे देऊन दमायचं ही गोष्ट आम्हाला पटायला वेळ लागला, शालिकरामला मात्र लगेच पटली. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, रस्त्याची खडी, सगळं करून झाल्यावर पन्नाशीत त्याला पहिल्यांदाच जीव लावावा असं काम मिळालं होतं. तंबूंकडे तो असा बघायचा की आम्हाला त्याचा हेवा वाटायचा.

पाहुण्यांना चहाच्या आधी आगीवरचं भाषण मिळे. बिडी-सिगारेट नाही, शेकोटी नाही, चूल पेटवायची ती फक्त विटांच्या खड्ड्यात. हे भाषण ताठ मानेने देता यावं म्हणून त्याने स्वतःची बिडी सोडली होती. पोरं हसायची, पण ऐकायची. रचना नावाची नागपूरची एक मुलगी, बँकेत नोकरीला असलेली, दरवर्षी आपला घोळका घेऊन यायची. ती तर चॉकलेटचा कागदसुद्धा खिशात घालून परत न्यायची. इतक्या वर्षांत पाहुण्यांच्या हातून एक पान जळलं नाही, असं शालिकराम भेटेल त्याला सांगायचा, आणि ते खरंच होतं.

आता त्याची बायको, पार्वताबाई. टेकडीच्या उतारावर एक मोहाचं झाड आहे, ते तिचं. कागदावर ते सरकारचं, पण तिची सासू तिथेच फुलं वेचायची म्हणून ते तिचं, आणि गावात यावर कुणाचा वाद नाही. मोह गळायला लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, म्हणजे काळ्या भुईवर फुलं नीट दिसतात. आमच्याकडच्या सगळ्याच बाया हे करतात. याला आम्ही आग लावणं म्हणतच नाही, झाडाखालची साफसफाई म्हणतो. शालिकरामच्या भाषणात हा विषय कधी आला नाही. भाषण पाहुण्यांसाठी होतं.

त्या मार्चमध्ये पार्वताबाईने पाचोळा पेटवला आणि रीतीप्रमाणे हातात ओली डहाळी घेऊन राखण करत बसली. तेवढ्यात खालून शालिकरामची हाक आली. रचनाचा घोळका न कळवता आला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती. धग मरत आलेली दिसली, म्हणून पार्वताबाईने डहाळीचे दोन फटके मारले आणि खाली येऊन भात चढवला. पोरं जेवली, कौतुक करून निघून गेली, आणि मग वारा सुटला. बघता बघता अर्धी टेकडी पेटली. सगळं गाव डहाळ्या घेऊन धावलं. सर्वांत पुढे शालिकराम होता, त्याच्या भुवया जळाल्या.

आग विझल्यावर घरी तो बायकोवर ओरडला, "कायले उठून आली तू?"

"तुमीच तं बलावलं," ती म्हणाली.

चौकशीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांना विटांच्या खड्ड्यात राख सापडली आणि चौकशी तिथेच संपली. राख खड्ड्यात आणि आग टेकडीवर, याचं त्यांना विशेष वाटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की पर्यटकांनी आग लावली असेल तर पायवाट आणि तळ दोन्ही बंद, पुन्हा उघडायचं की नाही ते पुढे बघू. गावातल्या कुणी लावली असेल तर नाव सांगा, त्याच्यावर केस होईल आणि तळ लगेच सुरू. पार्वताबाई तेव्हा साहेबांचाच चहा गाळत होती. शालिकराम तिच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला की शहरातली पोरं येतात, कोण काय करून जातं, काय सांगावं.

पाटी आली. पर्यटकांच्या निष्काळजीपणामुळे आग लागल्याने पायवाट व तंबूस्थळ बंद. ती खिळे मारून लावली शालिकरामने, आणि तिच्याखाली पायवाटेवर आडवा बांबू बांधून, खुर्ची टाकून राखणदार म्हणून बसवलं तेही शालिकरामलाच. बंदी पर्यटकांना होती. गावच्या बाया टोपल्या घेऊन आडव्या बांबूखालून वाकून जायच्या आणि यायच्या. त्या वर्षी सगळ्या टेकडीचीच साफसफाई झालेली असल्यामुळे मोह वेचायला फार सोपं गेलं.

मोह संपता संपता रचना एकटीच आली. पाटीचा फोटो तिला कुणीतरी पाठवला होता, आणि आगीच्या दिवशी तिथे आपणच होतो हे तिच्या लक्षात होतं. तिने घोळक्यातल्या एकेकाला खोदून विचारलं होतं. कुणी कबूल होईना, म्हणून सगळ्यांच्या वतीने माफी मागायला ती आली होती. बोलता बोलता ती रडायला लागली.

ते शालिकरामला सोसलं नाही. "आग तुमी नाई लावली, बाई," तो म्हणाला. "घरच्या बाईनं लावली, मोहाखाली. अन् तिले मीच बलावलो."

पार्वताबाई टोपली घेऊन शेजारीच उभी होती. "खरं सांगून राहिले थे," ती म्हणाली. "मीच लावली."

रचनाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खाली वाकून तिने पार्वताबाईचे पाय धरले. आमची चूक तुम्ही अंगावर घेताय, एवढं मोठं मन शहरात कुठे सापडणार, असं म्हणत ती गाडीत बसली. शालिकराम गाडीमागे थोडा धावला. आपलं आतापर्यंतचं एकही भाषण इतकं वाया गेलं नव्हतं, असं त्याने नंतर मला सांगितलं.

धान कापून झाल्यावर साहेबांनी तळ उघडायची परवानगी दिली. शालिकरामने आनंदाने तंबू उन्हात वाळवले, ठोकले, पायवाटेवरचं रान काढलं आणि नवीन शर्ट घालून बसला. शनिवार आला आणि गेला. पुढचाही गेला. शेवटी त्याने रचनाला फोन लावला.

तिला फार आनंद झाला. काका-काकूंची गोष्ट तिने नागपुरातल्या सगळ्या गिर्यारोहकांना सांगितली होती, फोटोसकट. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा माणसांच्या जंगलाला पुन्हा पाय लावायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि कुणी निघालंच तर ती स्वतः अडवत होती. आता तुम्ही निश्चिंत राहा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

शालिकरामने फोन ठेवला. मग तो रिकाम्या तंबूंकडे तोंड करून बसला.

"का म्हनते पोरगी?" पार्वताबाईने विचारलं.

"आपुन बहुत चांगले मानसं आहोन म्हनते."