खळ लावलेलं शीड

वाऱ्याशी वैर धरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण वाऱ्यानंच ज्याच्याशी हाडवैर धरलं असा एकच माणूस मी पाहिला, आणि आमच्या नशिबानं तो आमचा साडू निघाला. मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये डाइंग मास्टर, म्हणजे कापड रंगवायच्या खात्याचे मुख्य. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, पोहणं येत होतं तेही विहिरीपुरतं. घरोघरी नुकती केबल आली होती. अशा या गृहस्थाला एका दुपारी खेळांच्या चॅनेलवर कुणी गोरा शीड लावलेल्या फळीवर उभा राहून समुद्र कापत जाताना दिसला. झालं! विंडसर्फिंगचं भूत जे मानगुटीवर बसलं ते बसलंच. हजिऱ्याकडचा एक परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना आपली जुनी फळी विकत होता, ती यांनी टेम्पोत घालून घरी आणली. मेव्हणीला वाटलं, नवऱ्यानं इस्त्रीचं टेबल आणलं. बिचारी खूश झाली होती.

तेव्हापासून हा माणूस माणसांतून उठला. मिलमधून कापडाचा एक रूळ आणून त्यावर पाट ठेवायचा आणि पाटावर उभं राहून तोल साधायचा, हा यांचा सकाळचा व्यायाम. खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारत, ‘आज कितनी बार गिरे?’ पंगतीत बसले तरी यांचं लक्ष मिलच्या धुराड्यांकडे, कारण धूर झुकेल तिकडून वाऱ्याचा अंदाज. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना यांनी बोट ओलं करून वर धरलं आणि मोठ्यानं सांगितलं, ‘गुरुजी, नैर्ऋत्येचा येऊन राहिला!’ मी शाळामास्तर, म्हणून मला ते गुरुजी म्हणतात. पण अंतरपाटाशी उभे असलेले खरे गुरुजी दचकून नैर्ऋत्येला बघू लागले आणि एक अष्टक तेवढं निसटलं.

त्या वर्षी किनाऱ्याकिनाऱ्यानं शर्यतींचा अख्खा सीझन ठरला. फॉर्मवर हौशी आणि प्रोफेशनल असे दोन गट होते. साडूंनी बेधडक प्रोफेशनलवर खूण केली. म्हणाले, ‘हौशी नाटकात असतात, गुरुजी.’ मेव्हणीनं मात्र श्रावणात कानबाई बसली तेव्हा देवीसमोर त्यांच्याकडून शब्द घेतला, की या सीझनमध्ये एक तरी शर्यत पुरी करायची, नाहीतर फळी घरातून कायमची काढायची. नंबर येऊ दे असं तिनं म्हटलं नाही. नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचं. तेवढंच मागणं, आणि तेवढंही यांच्या वाट्याला येईना.

मुंबईच्या शर्यतीत वाराच पडला. बाकीचे कसेबसे पोचले, यांना कोळ्यांनी होडीत घालून आणलं. पुढच्या शर्यतीत वारा एवढा सुटला की फळी एकीकडे आणि साडू दुसरीकडे. गोव्याच्या आधी त्यांनी दोषाचं मूळ शोधून काढलं. शिडाचं कापड मऊ पडलंय, त्यातून वारा गळतो! आता कापड मऊ पडलं तर मिलमधला माणूस काय करणार? खळ लावणार. यांनी शिडाला सढळ हातानं खळ मारली आणि गरम रुळांवरून काढलं. शीड पापडासारखं कडक झालं. गोव्याच्या किनाऱ्यावर मोठमोठे खेळाडू त्याला टिचक्या मारून बघत होते, आणि साडू ‘घरचं फिनिशिंग आहे’ म्हणून मिरवत होते. पहिल्याच लाटेला ते पाण्यात पडले. खळ विरघळली, शीड लिबलिबीत होऊन अंगाला चिकटलं आणि आमचे प्रोफेशनल पेजेत बुचकळून काढल्यासारखे बाहेर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘माल पाण्यात जायचाय, हे डोक्यातूनच गेलं, भो.’ मी हसलो नाही. हसवेना.

शेवटची शर्यत आमच्या डुमसला, म्हणजे सुरतेच्याच किनाऱ्यावर होती. मी आणि मेव्हणी काठावर उभे होतो. सगळे परतले, बक्षिसं वाटून झाली, तरी यांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात ओहोटी लागली. डुमसचा समुद्र एकदा हटायला लागला की मागे नुसता चिखल उरतो. शेवटच्या रेषेपाशी उभी असलेली पंचांची बोट गाळात रुतायला नको म्हणून निघून गेली. पोचणाऱ्यांची नोंद त्या बोटीवरूनच व्हायची. आणि मग लांब कुठंतरी ते शीड दिसलं. सरळ, भरलेलं. अख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदाच वारा त्यांच्या बाजूनं होता. रिकाम्या पाण्यावरून ते आले, रेषेच्या दोन पिंपांमधून आरपार गेले आणि बघितलं, तर तिथं कुणी नव्हतं.

गुडघाभर चिखल तुडवत काठाला आले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, ‘बोट कुठं गेली?’

काठावर थांबलेला पंच भला माणूस होता. ओशाळून म्हणाला, ‘ओट आवी गई, साहेब. बोट कादवमां फसाई जाय.’

वर्षभर फळीला शिव्या घालणारी मेव्हणी पुढं झाली. ‘मी देखी ना! पुरी व्हयनी शर्यत. लिखा तुम्ही!’

पंचानं खरोखरच पेन काढलं. साडूंनी त्याचा हात धरला. ‘राहू द्या,’ ते म्हणाले. ‘रंगवणाऱ्यानं आपला माल आपण पास करायचा नसतो. घरच्यांनी तर नाहीच नाही.’

मेव्हणीनं शब्द परत घेतला, कानबाईला मी समजावते म्हणाली, रडलीसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. फळी तिथंच एका भजीवाल्याला देऊन टाकली. त्यानं ती विटांवर टाकून गिऱ्हाइकांसाठी बाकडं केलं.

अजून कधी रविवारी आम्ही डुमसला जातो. साडू त्याच बाकड्यावर बसतात, समुद्राकडे पाठ करून, दोन्ही पाय वाळूत घट्ट रोवून. मेव्हणी भज्यांची बशी त्यांच्यापुढं सरकवत राहते आणि ती गार होत जातात. मला काही तिथं फार वेळ बसवत नाही.