वालाचा उंच मांडव

मंडळी, आज सकाळी कुडकुडत कळंबच्या घरामागं वालाच्या वेलाला मांडव घातला. बांबू बांधताना आई-दादा डोळ्यांपुढं आले.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही माकणीला राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, औरंगाबादला कारकून होते. दिवाळीच्या रजेत आले की परसातली थंडीची कामं तेच उरकायचे. एका वर्षी त्यांनी मांडव लईच उंच घातला.

आई म्हणाली, "माझा हात पुरंल का तिथं?"

"संक्रांतीला येतोच की मी. शेंगा मीच काढीन."

मांडव शेंगांनी लगडला. भोगीच्या दिवशी आई भाजी चुलीवर न टाकता दुपारपर्यंत दादांची वाट बघत थांबली. दादांना रजाच मिळाली न्हाय. शेवटी मी विचारलं, "आई, बाजेवर चढून काढू का?"

"नगं. येतील ते."

दादा आले ते शिमग्याला. तोवर शेंगा वाळून वाऱ्यानं खुळखुळत होत्या. आईनं त्यांच्या हातात टोपली दिली. दादा एकेक शेंग खुडत होते आणि आई खाली उभी राहून नुसती त्यांच्याकडं बघत होती.

आज दोघंही न्हाईत. तुमच्या घरी कुणी, कुणासाठी असं काही राखून ठेवलं होतं का?