फौजीमामांचं पंधरा ऑगस्टचं भाषण

फौजीमामांना लढाईचा एकही सिनेमा कधी पसंत पडला नाही. आमच्या गोरेगाव नावाच्या खेड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारचं जेवण झालं की मामा तिथे ठाण मांडत आणि मी सिनेमा लावी. पडद्यावरचा जवान डरकाळी फोडून धावला की मामांचं तोंड वाकडं. "ह्याच्या बुटाला चिखल न्हाई. ही लढाई व्हय? ही तर वरात!"

त्यांचं सगळं युद्धशास्त्र पायांपाशी सुरू होऊन पायांपाशीच संपे. "पायाला फोड आला की निम्मी फौज खलास," हे ते पोस्टमनलासुद्धा ऐकवत. आधी मोजे उलटे करून वाळवायचे, मग चहा, हा पलटणीतला नियम त्यांनी माझ्या काउंटरवरही पाळला. गिऱ्हाइकांनी नाकाला रुमाल लावला की मामांना वाटे, सर्दीची साथ आली.

दुसऱ्यांना हसणारे मामा स्वतः मात्र काही कमी फिल्मी नव्हते. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर ते दामूचं मरण सांगत. दामू शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, त्यांच्याच पलटणीतला, चकमकीत गेलेला. "छातीवर गोळी झेलली, हसत हसत गेला!" टाळ्यांचा पाऊस. दामूची आई, सोनाआजी, पुढच्या रांगेत शाल-नारळ मांडीवर घेऊन बसलेली असे. त्या भाषणाला ढोल-ताशे लावून व्हिडिओ बनवणारा दीडशहाणा मीच.

यंदा जुलैत मी जपानी शिपायांचा एक सिनेमा लावला. "जपानी आपले कोन लागतात?" मामा कुरकुरले. पण बेटावर अडकलेलं एक उपाशी पोरगं पायाच्या चिंध्या सोडवू लागलं, आणि मामा खुर्ची ओढून पुढे सरकले. शेवटी त्या पोराच्या पोटात गोळी लागली. ते कुणाला हाका मारत होतं, हे कळायला जपानी येण्याची गरज नव्हती.

मामांनी तोंडाला रुमाल लावला. "दामू असाच गेला. तासभर याडी, याडी करून राहिला व्हता." तांड्यावर आईला याडी म्हणतात. "आन् मी त्या म्हातारीला तीस वर्सं खोटं सांगून राहिलो."

"आता राहू द्या तसंच, मामा," मी म्हटलं. अक्कल पाजळायला माझं काय जातंय!

पंधरा ऑगस्टला मामा माइकवर म्हणाले, "दामू हसला न्हाई. लई रडला. मायला हाका मारत गेला."

सरपंचांनी माइक हिसकावला. हेडमास्तरांनी पोरांना घोषणा द्यायला लावल्या. हुतात्मा रडतो म्हणजे काय! आमच्या गावाला मेलेला माणूससुद्धा ताठ उभा लागतो.

सोनाआजी उठून मामांकडे गेली. मला वाटलं, आता थोबाडीत देणार. तिने त्यांचा हात धरला.

"मला हाक मारली त्यानं?"

"व्हय, माय."

"मंग इतकी वर्सं काहून सांगितलं न्हाई रे? मला वाटलं, मरताना लेकराला मी आठवलेच न्हाई."

तेव्हापासून गावाने मामांना वाळीतच टाकलंय म्हणा ना. माझ्या दुकानात ते येत नाहीत; दुपारी तांड्यावर जातात. "कशी हाक मारली?" म्हातारी रोज विचारते. आणि साठी उलटलेला तो माणूस तिच्यासमोर बसून, रोज, "याडी" म्हणून हाक मारून दाखवतो.