गोळी आली का?

‘‘चप्पल खाली काढली, हे बरं केलं. मायनं वळण चांगलं लावलं तुले.’’

मेडिकलवाला हे माझ्याकडे न पाहता बोलला. हातातली बाटली पुसत बोलला.

मी एकोणतीस वर्षांची होते. एमबीबीएस. त्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर. खांद्यावरच्या पिशवीत स्टेथोस्कोप होता. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती आणि सगळ्यांच्या पायात काही ना काही होतं. एकाच्या बुटांना तर धानाच्या बांधीतला चिखल लागलेला. फक्त माझ्या चपला तीन पायऱ्या खाली, रस्त्याच्या कडेला पडलेल्या. मी त्या कधी काढल्या, मला आठवत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. पायांनीच काढल्या.

मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती हातात घेतली नाही. काउंटरवर ठेवायला खूण केली, मग वाकून मोठ्याने वाचली.

‘‘मॉर्फिन. हे नशेचं औषध आहे, बाई. एक्साइजचा परवाना लागते, अलग रजिस्टर लागते, कुलूप लागते. काऊन करावं म्या एवढं?’’ मग गिऱ्हाइकांकडे वळला. ‘‘यायच्या मोहल्ल्यात असेही सगळे दारू टाकूनच राह्यते. आता गोळ्या पाहिजे म्हणते.’’

दोघे-तिघे हसले. त्यातल्या एकाचं गळू मी मागच्याच आठवड्यात चिरलं होतं.

मी चिठ्ठी उचलली, खाली उतरले, चपला घातल्या आणि गेले. पुढे मी माझ्या नकाराची गोष्ट सांगणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी गुपचूप उतरले होते.

त्या पायऱ्या मी तिसरीत असल्यापासून ओळखते. माझी आई रुग्णालयात झाडूवाली होती आणि सकाळी त्याच मेडिकलची फरशी पुसायची. फरशी पुसताना वर चालायची. पुसून झाली की ती जागा तिची नव्हती. मग औषध घ्यायचं असलं तर पायरीखाली उभी राहायची, पायातलं काढून, पदर पसरून. मेडिकलवाला, तेव्हा त्याचा बाप, वरून गोळ्यांची पुडी टाकायचा. पुडी पदरात पडली नाही तर मी मातीतून उचलायची. मला वाटायचं, औषध असंच घेतात. नागपूरला मेडिकल कॉलेजात गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की केमिस्ट लोकांच्या हातात औषध देतो. हसू नका, खरंच सांगते.

चिठ्ठी रहमानचाचांची होती.

रहमानचाचा म्हणजे आमच्या गावचे टेलर. माझा शाळेचा निळा स्कर्ट त्यांनीच शिवला, पाचवीतून दहावीपर्यंत दरवर्षी खालून उसवून लांब करून दिला. मार्कंड्याच्या जत्रेत मशीन घेऊन बसायचे, उभ्याउभ्या पोरींचे फ्रॉक शिवून द्यायचे. मला मेडिकलला ॲडमिशन मिळाली तेव्हा मापं न घेता ॲप्रन शिवून आणला. आत, डाव्या बाजूला, एक खोल चोरखिसा. ‘‘डॉक्टरच्या ताब्यात औषधाचं कपाट राह्यते, बेटी. चाबी कुठी ठेवशील?’’ असं म्हणाले. आईच्या अंगणात बसून चहा प्यायले. आमच्याकडे बसून चहा पिणारा बाजारपेठेतला तो एकच माणूस होता.

त्यांना खर्रा लागायचा. तंबाखू, सुपारी, चुना, दिवसभर गालात. गालात गाठ आली, मग जबडा सडला. नागपूरला कॅन्सरवरचे शेक, रेडिएशन, घेऊन झाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, हे आम्हा डॉक्टरांना कळतं. पण घरी नेल्यावर काय करायचं, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. पाच वर्षांत माणूस वाचवायचा कसा ते शिकलो. तो मरताना त्याला कळवळू द्यायचं नाही, यावर एक तास नव्हता.

चाचांचं तोंड नीट उघडेना. बोलणं बंद झालं. मग ते शिंप्याच्या खडूने लिहायचे. मांडीवर कोटाच्या काळ्या कापडाचा तुकडा असायचा, त्यावर पांढरी अक्षरं. मी वाचलं की तळहाताने पुसून टाकायचे, खूण पुसावी तसं.

मी त्यांना सांगून बसले होते की एक गोळी आहे, तिने दुखणं थांबतं. रोज मी घरात शिरले की कापडावर तेच असायचं.

‘गोळी आली का?’

मेडिकलवाल्याने हाकलल्यावर मी दुसरं दार पाहिलं. नागपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मॉर्फिन मिळत होतं, पण पेशंट भरती असेल तरच. चाचांचा मुलगा सलीम चंद्रपूरकडे एका सिमेंट कारखान्यात होता आणि कारखान्याच्या विम्यात आईबाप धरलेले होते. मला वाटलं, जमलं. एसटीडी बूथवरून विमा कंपनीच्या डॉक्टरला फोन लावला. माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, ‘‘सिस्टर, तुमच्या डॉक्टरांना फोन द्या.’’

‘‘मीच डॉक्टर आहे.’’

तो म्हणाला, ‘‘बरं. पेशंट बरा होणार आहे का?’’

‘‘नाही. वेदना थांबवायच्या आहेत.’’

‘‘मग ते उपचारात बसत नाही. भरती पाहिजे आणि सुधारणेची शक्यता पाहिजे. तसं सर्टिफिकेट पाठवा, पाहतो. आणि जरा नीट इंग्रजीत लिहा.’’

म्हणजे बघा. बरा होणार असता तर मॉर्फिन कशाला लागलं असतं? आणि मरणार आहे म्हणून मॉर्फिन पाहिजे, तर मरणाऱ्याला विमा नाही. हे मी त्याला बोलले नाही. बूथमधल्या घामात उभी राहून ‘हो सर’ म्हटलं. सर म्हटलं मी त्याला. तोही एमबीबीएस, मीही एमबीबीएस.

आणि मग मी खोटं लिहिलं. चाचांना घरातून उचलून माझ्या रुग्णालयात चार नंबरच्या खाटेवर आणलं, भरती दाखवलं, भरतीच्या कागदावर आणि सर्टिफिकेटवर लिहिलं, सुधारणा अपेक्षित, नागपूरला हलवावं. चाचा यायला तयार नव्हते. कापडावर लिहिलं, ‘घर’. मी म्हटलं, थोडे दिवस, चाचा, कागदासाठी. त्यांनी ‘घर’ पुसलं नाही. तसंच मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले.

आठवडाभराने उत्तर आलं. सुधारणा अपेक्षित असेल तर उपचार स्थानिक रुग्णालयातच व्हावा, नागपूरला हलवण्याची गरज दिसत नाही. नामंजूर.

माझ्याच खोट्याने मला बांधलं.

मग मी चाचांना दुखण्याचं जरा कडक इंजेक्शन लिहून द्यायला लागले. रुग्णालयात साठा नव्हता, म्हणून चाची बाहेरून, त्याच मेडिकलमधून आणायची. तीन दिवस झाले, काडीचा फरक नाही. चाचा उशीचा कोपरा दातात धरायचे, ज्या बाजूला दात उरले होते तिकडे. मला वाटलं माझा डोस चुकतो. रात्रभर पुस्तकं चाळली. चौथ्या दिवशी दुपारी सिस्टर इंजेक्शन भरत होती, मी सहज ट्रेमधली फुटलेली काचेची कुपी उचलली.

मी लिहिलेलं औषध ते नव्हतंच. साधं ताप-अंगदुखीचं इंजेक्शन होतं.

चाची घाबरली. ‘‘मेडिकलवाला भाऊ म्हणे, एकच आहे, कंपनी अलग. मले का समजते, बाई?’’

सिस्टर खाली पाहत म्हणाली, ‘‘मॅडम, इथी असंच चालते. चिठ्ठीवर काही लिवा, भाऊ जे देते ते टोचून राह्यलो आमी. आजवर कोनी कुपी पाह्यली नाई.’’

मीही पाहिली नव्हती. तीन दिवस. डॉक्टर मी होते आणि ट्रेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण माझ्याही मनात मेडिकलवाला देतो ते औषध, आम्ही खाली उभे राहून घेतो ते औषध, असंच बसलेलं होतं. आईच्या पदरात पडलेली पुडी आम्ही कधी उघडून तपासली होती? त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा माझा जास्त राग आला.

फुटकी कुपी कापसात गुंडाळली आणि निघाले. भर दुपार. दुकानात आरमोरीच्या बाजारातून परतलेली माणसं होती. पहिल्या पायरीवर माझे पाय थांबले. खरं सांगते, थांबले. अंगठा आपोआप चपलेतून सुटू लागला. मी खाली पाहिलं आणि पाय तसाच वर टाकला. दुसरी पायरी. तिसरी. फरशी ओली होती. माझ्या चपलांचे ठसे उमटत काउंटरपर्यंत गेले.

त्याने आधी ठसे पाहिले, मग मला.

‘‘खाली उतर.’’

‘‘बिल दे,’’ मी म्हटलं.

त्या गावात मेडिकलचं बिल कोणी मागत नसे. चिठ्ठी द्यायची, पिशवी घ्यायची, चालायचं. आणि त्याला ‘तू’ तर आमच्या मोहल्ल्यातून कोणीच म्हटलं नव्हतं.

‘‘कशाचं बिल?’’

‘‘तीन दिवस रहमानचाचाले जे दिलं त्याचं. म्या जे लिवलं ते नाई. तू जे दिलं ते लिव. नाव लिव, बॅच नंबर लिव, सही कर.’’ कॉलेजात घासून घासून आणलेलं माझं ‘मी लिहिलं’ कुठच्या कुठे गेलं होतं. ‘‘ही कुपी आहे माह्याजवळ.’’

‘‘मरनारच आहे ना तो? पान्याचं इंजेक्शन दिलं काय अन् सोन्याचं दिलं काय.’’

कोणी हसलं नाही या वेळी.

‘‘मरनार तर तूही आहे,’’ मी म्हटलं. ‘‘बिल दे.’’

तिथे गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होता. आई तो रोज पुसायची. त्यावर मी बसले. त्याने दोनदा फोन फिरवला, कोणाशी तरी हळू बोलला, नोकराला ओरडला. मी उठले नाही. शेवटी त्याने बिल फाडलं आणि काउंटरवर टाकलं. मी म्हटलं, ‘‘हातात दे.’’

त्याने हातात दिलं.

त्याच संध्याकाळी चाचांना मी घरी सोडलं. भरतीच्या कागदावरचं ‘सुधारणा अपेक्षित’ खोडून ‘पेशंट मरणासन्न, वेदना अनियंत्रित’ असं लिहिलं आणि खाली सही केली. औषध निरीक्षकाकडे बिल आणि कुपी जोडून तक्रार पाठवली. रुग्णालयाच्या नावाने मॉर्फिनच्या परवान्याचा अर्ज केला. खरं इंजेक्शन सलीमने चंद्रपूरहून आणलं. त्या इंजेक्शनने थोडं निभलं, पण आता दुखणं त्याच्याही पुढे गेलं होतं. रोज दुपारी मी चाचांच्या घरी जायची. जखम धुवायची, पट्टी बदलायची, वास सहन करायची. बाकी काही माझ्या हातात नव्हतं.

घरी आल्यापासून अकराव्या दिवशी ते गेले. दुपारीच. खडू धरायची ताकद नव्हती तरी बोट कापडावर फिरत होतं. अक्षर उमटलं नाही, पण काय लिहीत होते ते मला ठाऊक होतं. मी ‘नाई आली, चाचा’ असं मोठ्याने म्हटलं. त्यांच्या नावाने मी एकदा खोटं लिहिलं होतं, शेवटी तरी खोटं बोलायचं नव्हतं. ते शांतपणे गेले असं मी म्हणणार नाही. जबडा आवळलेला होता, तो मी आणि चाचीने मिळून सोडवला.

तक्रारीवर चौकशी लागली नाही. माझी बदली लागली. एटापल्लीला. वरिष्ठ हसत म्हणाले, ‘‘शेठ लोकांशी कशाला भांडायचं, मॅडम? आता जंगलात विश्रांती घ्या.’’ परवान्याच्या अर्जाचं विचारलं तर म्हणाले, परवाना जागेच्या नावावर असतो, डॉक्टरच्या नाही. तो सोबत नेता येत नाही, आणि तुम्ही गेलात की इथे पाठपुरावा करणारं कोणी नाही, म्हणजे अर्जही गेला.

ठीक आहे. गेला तर गेला.

एटापल्लीला पहिल्या दिवशी पाहिलं, ओपीडीच्या पायरीखाली एक माडिया आदिवासी बाई उभी होती. चपला बाजूला काढलेल्या, हात जोडलेले. पोटात गोळा, महिन्यांपासून दुखत होतं. मी खाली उतरले, तिच्या चपला उचलून तिच्या पायांपुढे ठेवल्या आणि तिला दंडाला धरून वर आणलं. तपासलं. तिला बरं करणं माझ्या हातात नव्हतं, हे हात लावताच कळलं.

त्याच आठवड्यात मी एसटीने गडचिरोलीला गेले, चप्पल घालून सरळ आत, एक्साइजच्या टेबलापर्यंत. नवा अर्ज. नवी जागा. अंगात चाचांनी शिवलेला ॲप्रन होता, चावीचा चोरखिसा अजून रिकामा. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘औषधाच्या आवश्यकतेचे कारण’. मी लिहिलं, ‘इथली माणसं कळवळून मरतात. ते मला मान्य नाही.’

क्लार्कने वाचलं. चष्मा काढला. ‘‘मॅडम, असं नसते लिवत. नामंजूर होईन. ‘रुग्णसेवेकरिता’ लिवा.’’

‘‘नामंजूर झालं तर हेच लिहून परत आणीन,’’ मी म्हटलं. ‘‘त्यानंतरही हेच. शिक्का मारा.’’