लोहाराच्या हिशेबाची भिंत

मित्रहो, टेंभुर्णीजवळच्या एका गावातून सोलापूरला परतताना हे लिहीत आहे.

तेथील एका निरक्षर लोहाराने आपला सारा व्यवहार भात्यामागच्या भिंतीवर कोळशाने मांडला होता. प्रत्येक शेतकऱ्याच्या घराची एक खूण, फाळाला धार लावली की रेघ, सुगीला बलुते मिळाले की फुली. अशी नोंद मी अन्यत्र पाहिलेली नाही. मोबाइलवरची सुमार छायाचित्रे मला चालत नाहीत, म्हणून पहिल्या भेटीत काढलीच नाहीत. आज उत्तम कॅमेरा घेऊन गेले.

भिंत पांढरीशुभ्र होती.

"तुमी फोटू काडायला येनार, मग काळं भिताड कसं दावायचं?" लोहाराच्या नातसून हौसाकाकू कौतुकाने म्हणाल्या. "सकाळीच चुना दिलाय. आता दुसरा हात मारते, लई झ्याक दिसंल की!"

"काकू, नका!" मी जवळजवळ ओरडलेच.

"एवढं राबले, आन् मॅडमना पसंत न्हाय व्हय?"

चुना अजून पुरता वाळलेला नाही. खालचा कोळसा न पुसता तो उतरवता येतो का? भित्तिचित्रांच्या जतनाचा अनुभव असलेल्या कुणीही कृपया आजच सांगावे. काकूंनी कुंचा फक्त उद्या सकाळपर्यंत खाली ठेवला आहे.