इंद्रभानचं बिनकामाचं भिंग

डोणगावात फोटो काढायचा म्हटलं की इंद्रभानकडेच जावं लागे. माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या फोटो स्टुडिओला लागून, मधे एकच भिंत. त्यामुळे त्याचे सगळे उपद्व्याप मीच सोसले. बापाचा भाजीपाल्याचा चांगला मळा होता, आणि हा पठ्ठ्या अंधाऱ्या खोलीत कागद भिजवत बसायचा!

चौऱ्याहत्तर साली त्याने अकोल्याहून जुना पण चांगला कॅमेरा आणला, भिंगं बदलता येणारा. सोबत दोन भिंगं. एक झूम. ते फिरवलं की बाजाराच्या पार टोकाचा माणूस जवळ येई. बघायला अर्धं गाव लोटलं. उत्तमराव तर देवळाच्या कळसावरचा पोपट बघून ओरडले, "अबे, चोच दिसते नं!" दुसरं भिंग मॅक्रो. ते फक्त अगदी जवळचं, बारीकसारीक पाही. इंद्रभान त्यातून पऱ्हाटीच्या बोंडावरची अळी टिपायचा, मुंग्या टिपायचा. माझं डोकं फिरायचं. "मुंगीच्या मायनं सांगतलं का बे तुले फोटो काढाले?" तो नुसता हसायचा. कसा हसायचा लेकाचा! ते भिंग म्हणजे निव्वळ बिनकामाचं, असं माझं ठाम मत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावातले नारायणराव त्याच्याकडे आले. त्यांच्या शालूचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. तिची आई मंजुळाबाई, शालू वर्षा-दीड वर्षाची असताना तापानं गेली. पोरीला आई कशी होती हेच माहीत नव्हतं.

"मांडवात मायचा फोटो ठेवतो, असं कबूल करून बसलो बाप्पा पोरीले," नारायणराव म्हणाले. "तुह्या जुन्या डब्यात एखांदा असन तर पाह्य."

डबा उघडला. नारायणरावांच्या धाकट्या भावाच्या लग्नात इंद्रभाननेच काढलेल्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह निघाली. मागच्या रांगेत मंजुळाबाई, कडेवर शालू. पण तोंड? हनुवटीपर्यंत पदर!

बटण दाबायच्या आधी "बायाहो, पदर सावरा!" असं ओरडायची आमच्याकडच्या फोटोवाल्यांची रीतच होती. पुढे सासरे-दीर बसलेले. इंद्रभानचा ओरडा ऐकून बिचारीने पदर आणखी खाली ओढला होता. "सहदेव, म्याच झाकलं बे तिचं तोंड," तो मला म्हणाला.

मी पडलो व्यवहारी माणूस. म्हटलं, "तिची बहीण वच्छलाबाई तशीच दिसे. तिचा जवानीतला फोटो घे, रंगव जरासा, लाव हार. कोनाले समजते?" नारायणरावांनाही पटलं. इंद्रभान मात्र उसळला. "पोरीनं जिंदगीभर मावशीले माय समजून पाया पडावं काय? मी नाही करत!" नारायणराव पाय आपटत निघून गेले. मीही तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. एवढा कसला ताठा, म्हणतो मी!

चौथ्या दिवशी त्याने भिंतीवर थाप मारली. गेलो. त्या निगेटिव्हचा फोटो छापून, तो खिडकीच्या उजेडात ठेवून त्याने त्या मुंगीच्या भिंगातून टिपला होता, आणि मोठा केला होता. ओल्या कागदावर एक हात होता. पुसट, दाणेदार, पण हात. मनगटावर गोंदण, आणि बोटं एका इवल्याशा झबल्याला घट्ट धरून.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तो फोटो फ्रेम करून घेऊन गेलो. नारायणराव बघताच भडकले. "तोंड मांगतलं होतं मी! हाताचं काय करू? लोक हासतीन मले!" बोलता बोलता थांबले. फ्रेम डोळ्यांजवळ नेली. "अंगठा पाह्य... इळ्यानं कापला होता तिचा. वाकेच नाही. असाच बाजूले राहे..." आणि तो दांडगा गडी सगळ्या पाहुण्यांदेखत ढसाढसा रडला.

शालू हळदीच्या अंगाने बाहेर आली. "बाबा, हे लेकरू कोन?"

"तू वं. त्या दिवशी कोनाजवळच जात नव्हती. दिवसभर तिनं तुले खाली ठेवलं नाही."

शालूने फ्रेम घेतली आणि आत गेली. मांडवात तीच ठेवली. कुजबुज झाली, होऊ दे! माझ्या त्या शहाणपणाच्या सल्ल्याची मात्र मला आजही लाज वाटते.

इंद्रभान गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंतीपलीकडे आता खताची पोती असतात. मला करमत नाही, खोटं कशाला सांगू?

मागे दुसरबीडला गेलो तेव्हा तिथे सासरी असलेल्या शालूकडे डोकावलो. फोटो समोरच्याच भिंतीवर होता. शेजारची कुणी नवी नवरी विरजण मागायला आलेली, तिने विचारलं, "काकू, हा हात कोनाचा हो?"

शालूने चुलीवरची भाकर उलटली.

"माह्या मायचा," ती म्हणाली. "मले धरून हाये."